एका फोटोतली आपली आनंदी : डॉ. आनंदीबाई जोशी



10 ऑक्टोबर 1885 रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाला काढलेला एक फोटो मोबाईलवर शोधा आणि मुलांना दाखवा. फोटोत वैद्यकीय कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी आहेत. एक जपानची केई ओकामी, एक सीरियाची सबात इस्लामबूली आणि साडीतली आपली आनंदीबाई. तिघींनीही आपापल्या देशाचा पोशाख केलाय. आनंदी कोणती ते मुलांना आधी ओळखू द्या.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा, आपल्या जवळच्याच कल्याणचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते आणि वयाने वीसेक वर्षांनी मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण तो दहाच दिवस जगला. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरांकडे जायला लाजायच्या, दुखणं अंगावर काढायच्या. म्हणून आनंदीबाईंनी स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवलं.

1883 मध्ये कलकत्त्याहून त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. लोकांनी नावं ठेवली. तिथली थंडी आणि परकं अन्न सोसेना, तब्येत ढासळली, तरी अभ्यास सोडला नाही. 11 मार्च 1886 ला त्या पदवीधर झाल्या. राणी व्हिक्टोरियाकडूनही अभिनंदन आलं. कोल्हापूर संस्थानाने तर आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली.

पण क्षयाने गाठलंच. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरच्या एकाही बाईची नाडी त्यांना तपासता आली नाही.

मग मुलं विचारतील, एवढं शिकून उपयोग काय झाला? हा प्रश्न टाळू नका. बाई डॉक्टर होऊ शकते, हे त्यांनी करून दाखवलं. पुढच्या मुलींना ती वाट माहीत झाली.

पालकहो, आपलं जव्हारही एके काळी संस्थानच होतं. आज जव्हार-मोखाड्यात दवाखाने आहेत, पण लांबच्या पाड्यावरून बाळंतिणीला तिथवर न्यायचं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या पाड्याची भाषा बोलणारी डॉक्टर किंवा नर्स तिथलीच मुलगी होऊ शकते. सातवी-आठवीनंतर तिचं दप्तर खुंटीला लावण्याआधी हा फोटो एकदा तिच्यासोबत बसून बघा.