डिग्री नसलेला ‘नोबेल’ माणूस

क्रांती चौकात चहा घेत उभे राहा. सीटी स्कॅनचं मोठं पाकीट काखेत धरून घाटीकडे निघालेलं कुणीतरी हमखास दिसतं. त्या रिपोर्टमध्ये बऱ्याचदा ‘एचयू’ ही अक्षरं असतात. त्यातला ‘एच’ एका माणसाच्या आडनावाचा आहे. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड!

१९१९ मध्ये इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या घरात गॉडफ्रे जन्मला. पाच भावंडांत शेंडेफळ. शेतातली यंत्रं न्याहाळायची, घरी बनवलेल्या ग्लायडरला लटकून गवताच्या गंजीवरून उडी ठोकायची, असले उद्योग. शाळेत गणित आणि फिजिक्स सोडलं तर मन लागेना. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात तो रडार शिकला, नंतर लंडनला डिप्लोमा केला. विद्यापीठाची डिग्री शेवटपर्यंत घेतलीच नाही. नोकरी लागली ती गाण्यांच्या रेकॉर्डसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत.

साध्या एक्स-रेत पुढचं-मागचं सगळं एकावर एक पडतं. १९६७ मध्ये हाउन्सफिल्ड यांना सुचलं, की अनेक कोनांतून किरण सोडून मोजमापं घेतली आणि हिशेब कॉम्प्युटरवर सोपवला, तर न कापताच आतला काप दिसेल. पहिल्या प्रयोगात नुसती मोजमापं घ्यायला नऊ दिवस लागले! पण ते हटले नाहीत. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा मेंदू स्कॅन झाला. १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पुढे हे मशीन अख्खं शरीर बघू लागलं. हाउन्सफिल्ड मापात पाणी शून्य आणि हवा उणे १०००. श्वासनलिका हवेने भरलेली, म्हणून स्कॅनमध्ये काळीकुट्ट. तिच्यातली गाठ उठून दिसते. ही गाठ दुर्मीळ, त्यात धाप लागते म्हणून कित्येकदा दम्याचीच औषधं चालू राहतात. मोठ्या माणसाची श्वासनलिका असते जेमतेम १०-१२ सेंटिमीटर. साधारण निम्म्याहून जास्त कापली तर उरलेली टोकं जोडणं फार अवघड. म्हणून गाठ किती लांब आहे, स्वरयंत्रापासून किती खाली आहे, भिंतीबाहेर पसरलीय का, हे सर्जनला आधीच कळायला हवं. गाठ कसली, हे दुर्बिणीतून तुकडा काढून तपासल्यावर ठरतं. पण ती काढता येईल का, याचा अंदाज स्कॅन देतो.

२००४ मध्ये हाउन्सफिल्ड गेले. मार्कशीट बघून खचला असाल, तर चौकातलं ते पाकीट आठवा.