विश्लेषण : देवळाच्या भिंतीवर वंशावळ का कोरली गेली? तंजावरच्या सरफोजीराजांची कहाणी

घराण्याचा शोध घेणारे सहसा जुनी बाडे आणि मोडी कागद चाळतात. तंजावरच्या भोसल्यांची वंशावळ मात्र बृहदीश्वर मंदिराच्या दगडी भिंतीवर मराठीत कोरलेली आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये ती कोरून घेतली. इतका खटाटोप कशासाठी?

सरफोजीराजे कोण होते?

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरात भोसल्यांची गादी स्थापली. त्याच कुळाच्या एका शाखेत १७७७ मध्ये सरफोजींचा जन्म झाला. तुळजाजीराजांना वारस उरला नव्हता. १७८७ मध्ये, मृत्यूपूर्वी, त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले.

वाद कशावरून झाला?

तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी हे दत्तकविधान मान्य केले नाही. ईस्ट इंडिया कंपनीने पंडितांचे मत मागवले. ते दत्तकाच्या विरोधात गेले आणि गादी अमरसिंगांना मिळाली. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी सरफोजींचा सांभाळ केला, तंजावरात धोका वाटू लागल्यावर त्यांना मद्रासला हलवण्यात आले आणि शिक्षणही तिथेच झाले. पुढे कंपनीने फेरविचार केला व १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले.

मग सत्ता मिळाली का?

नावापुरतीच. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांनी आपली शक्ती विद्येकडे वळवली. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले, वैद्यकाला आश्रय दिला. कोरीव वंशावळही याच काळातली. ज्याचा वारसा एकदा नाकारला गेला, त्याने पूर्वजांशी असलेले नाते दगडात पक्के केले, असा तिचा अर्थ लावता येतो.

शोध घेणाऱ्यांसाठी धडा काय?

वंशावळ हा पुरावा असतो आणि दावाही. ती कोणी, कधी आणि कोणत्या गरजेपोटी लिहिली, हे आधी पाहावे. मग दत्तकपत्रे, तह, दप्तरातले हिशेब यांच्याशी ती ताडून घ्यावी. दत्तकाने नाव बदलते, शाखा बदलते. म्हणून जन्मदाते घर आणि दत्तक घर यांची नोंद वेगवेगळी ठेवावी.

शेवट काय झाला?

सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना गेले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. गादी गेली, पण भिंतीवरची वंशावळ आजही वाचता येते.