पत राखणारा दिवाण

मुसीच्या काठावरचं सालारजंग म्युझियम आपल्यापैकी कोणी पाहिलं नसेल? शाळेच्या सहलीत नाही तर गावाकडून आलेल्या पाहुण्यांबरोबर एकदा तरी जाणं होतंच. तास वाजवणाऱ्या घड्याळापुढे आपण गर्दीत उभे राहतो आणि संगमरवरी बुरख्याआडची रिबेका बघून थक्क होतो. तिथल्या बहुतेक वस्तू तिसऱ्या सालारजंगांनी जमवल्या. रिबेका मात्र त्यांच्या आजोबांनी, म्हणजे पहिल्या सालारजंगांनी, १८७६ साली रोममध्ये विकत घेतली. हा लेख त्या आजोबांबद्दल आहे. त्यांनी शिल्पापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट हैदराबादला मिळवून दिली, ती म्हणजे पत.

हा विषय सुचायला कारण झालं अर्थशास्त्राच्या तासाला ऐकलेलं एक सर्वेक्षण. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी मोठ्या शहरांतल्या कुटुंबांना काही प्रश्न विचारते. देशाची आर्थिक स्थिती, नोकऱ्या, भाव, आपली कमाई आणि आपला खर्च, हे सगळं वर्षापूर्वीपेक्षा बरं आहे की वाईट? पुढच्या वर्षी कसं असेल? या शहरांत आपलं हैदराबादही आहे. उत्तरांवरून एक आकडा काढतात. तो १०० च्या वर असेल तर लोक आशेत आहेत, खाली असेल तर धास्तीत. २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, चालू परिस्थितीचा हा आकडा ५० च्याही खाली गेला होता. मंदीत नुसता पैसा आटत नाही, भरवसाही आटतो, हे त्यावरून कळतं.

१८५३ च्या हैदराबादेत असा आकडा काढणारं कोणी नव्हतं. पण काढला असता, तर तो फार खाली गेलेला दिसला असता.

त्याआधीची तीस-चाळीस वर्षं सरकार कर्जावर चाललं होतं. पामर आणि कंपनी नावाची पेढी निजाम सरकारला शेकडा २४-२५ व्याजाने पैसे देत होती. १८२४ मध्ये ती बुडाली. मग मुंबईच्या पेस्तनजी मेहेरजींच्या पारशी पेढीने कर्ज दिलं आणि तारण म्हणून वऱ्हाड-मराठवाड्यातल्या मुलखाचा वसूल घेतला. औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांची ‘पेस्तनशाही’ नाणीसुद्धा पडली! पुढे सरकारने मुलूख परत काढून घेतला आणि तीही पेढी मोडली. सावकारांनी यातून धडा घेतला: निजाम सरकारला पैसे दिले की बुडाले. शिपायांचे पगार महिनोन्‌महिने थकत. अरब जमादार आपल्या येण्यापोटी तालुकेच अडकवून बसत. इंग्रजांच्या देखरेखीखालच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी कंपनी सरकारचं देणं चाळीस लाखांच्या वर गेलं. शेवटी मे १८५३ मध्ये तह झाला आणि वऱ्हाड, धाराशिवकडचा भाग व रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. तह करणारे दिवाण सिराज-उल-मुल्क त्यानंतर काही दिवसांतच वारले.

त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या आला, मीर तुराब अली खान. जन्म १८२९ चा, म्हणजे वय अवघं २४. दिवाणगिरी घराण्यात पिढीजात होती. मीर आलम तलावाचे मीर आलम हे त्यांचे पूर्वज. वडील लहानपणीच गेलेले. सालारजंग हा त्यांचा किताब. आपल्या वर्गातून एम.ए. होऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती दिवाळखोर राज्य द्यावं, तसंच हे झालं.

या तरुण दिवाणाने काय केलं? मोठमोठ्या घोषणा केल्या नाहीत. बाजार कशावरून सरकारला जोखतो, ते ओळखलं. तेव्हाचा बाजार तीन गोष्टी बघत असे: सावकार किती व्याजाने पैसे देतो, शिपायाचा पगार वेळेवर होतो का, आणि हातातलं नाणं दुसऱ्या गावी चालतं का.

सालारजंगांनी या तिन्हींना हात घातला. जिथे जमेल तिथे खर्च कापला, ठरलेली देणी ठरल्या वेळी देण्याचा शिरस्ता पाडला. अरब आणि रोहिल्यांकडे गहाण पडलेला मुलूख हळूहळू, हिशेब करून सोडवला. गावोगावच्या टांकसाळी बंद करत हैदराबादेत एकच मध्यवर्ती टांकसाळ ठेवली आणि ‘हाली सिक्का’ पाडला. पूर्वी नाण्यागणिक सराफ बट्टा कापत, गरिबाच्या हातात कमी पैसे पडत. तो जाच कमी झाला. वसुलीचे मक्ते बंद करून पगारी तालुकदार नेमले. १८६५ ची जिल्हाबंदी ही त्याचीच पुढची पायरी. मराठवाड्यातल्या ज्या घरांत जुने सारापावतीचे कागद असतील, त्यांची मांडणी या काळापासून बदललेली आढळेल.

सावकार परत दाराशी आले. पण लोकांचं मन? इथे गोष्ट अवघड होते.

१८५७ च्या उठावात शहराचा कल इंग्रजांविरुद्ध होता. १७ जुलैला मौलवी अल्लाउद्दीन आणि तुर्रेबाझ खान यांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. तीच कोठीची इमारत, जिथे पुढे महिला कॉलेज भरलं. जवळच्या दोन सावकारांच्या घरांतून गोळीबार झाला. सालारजंगांनी इंग्रजांची बाजू घेतली, रेसिडेंटला आधी सावध केलं. हल्ला फसला. तुर्रेबाझ खान पुढे मारला गेला, मौलवींना अंदमानात पाठवलं. १८६० मध्ये इंग्रजांनी बक्षीस म्हणून पन्नास लाखांचं कर्ज माफ केलं आणि धाराशिव, रायचूर परत दिले. म्हणजे राज्याच्या खात्यावर मोठी जमा. पण शहरातल्या अनेकांच्या मनात दिवाण परक्यांचा माणूस ठरला. १८५९ आणि १८६८ मध्ये त्यांच्यावर प्राणघातक हल्ले झाले. दोन्ही वेळा ते वाचले. उत्तरेतून शिकलेले अधिकारी आणले, तर स्थानिक लोक दुखावले. मुल्की-गैरमुल्की वादाचं मूळ तिथवर जातं.

त्यांनी चूक केली का? माझं उत्तर पक्कं नाही. इंग्रजांशी लढले असते तर कदाचित राज्यच उरलं नसतं. पण इतिहास तुर्रेबाझ खानालाही विसरलेला नाही, आणि ते योग्यच आहे.

वऱ्हाड परत मिळावा ही त्यांची सर्वांत मोठी इच्छा होती. त्यासाठी १८७६ मध्ये ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डने सन्मानाची पदवी दिली, मेजवान्या झाल्या, वऱ्हाड मात्र मिळाला नाही. ज्यांच्यासाठी लोकांचा रोष ओढवून घेतला, त्यांनीच शेवटी हात झटकले. ८ फेब्रुवारी १८८३ ला कॉलऱ्याने ते गेले. वय ५४. जवळजवळ तीस वर्षं दिवाणगिरी केली.

मराठीत ऐपत आणि पत असे दोन शब्द आहेत. ऐपत खिशात असते, पत दुसऱ्याच्या मनात. तिथे ती एका दिवसात तयार होत नाही. पगाराच्या तारखेला पगार, मुदतीला हप्ता, असं वर्षानुवर्षं चालल्यावर होते. हे सालारजंगांना विशीत कळलं होतं. पण सावकाराच्या मनातली पत आणि रस्त्यावरच्या माणसाच्या मनातली माया ही दोन वेगळी खाती आहेत. एकात जमा करताना दुसऱ्यातून किती जातंय, हे त्यांच्याही हिशेबात पूर्ण बसलं नाही.

त्यांच्या दिवाण देवडीत आज कपड्यांचा घाऊक बाजार भरतो. कधी तिकडे गेलात तर एखाद्या दुकानात थोडं थांबून बघा. ओळखीच्या गिऱ्हाईकाला व्यापारी उधारीवर गठ्ठे बांधून देतो आणि वहीत फक्त तारीख लिहितो.