हमीवर तरंगलेले जहाज

बँकेत बरीच वर्षे कर्जप्रकरणे तपासल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कोणाही मोठ्या माणसाचे चरित्र हाती आले, की मी आधी त्यातले करारनामे शोधतो. एरवी माणूस काहीही बोलो, सही करताना तो खरा कळतो. जॉन एरिक्सनची ४ ऑक्टोबर १८६१ ची सही अशीच आहे.

हा मूळचा स्वीडनचा. जन्म १८०३ चा, खाणींच्या मुलखातला. वडील व्यवहारात बुडाले आणि कुटुंब योटा कालव्याच्या बांधकामावर आले. चौदाव्या वर्षी पोरगा तिथे मोजणीदार झाला. उंची इतकी बेताची, की मोजणीच्या यंत्रापर्यंत पोचायला स्टूल लागायचे.

१८२६ मध्ये तो इंग्लंडला गेला. तीन वर्षांनी रेनहिलच्या आगगाडी-स्पर्धेत त्याचे इंजिन वेगात धावले, पण मध्येच बिघडले आणि बक्षीस स्टीफन्सनच्या 'रॉकेट'ने नेले. मग त्याने जहाजासाठी पाण्याखाली फिरणारा पंखा तयार केला. तो ब्रिटिश आरमाराच्या गळी उतरला नाही. देणी थकून तुरुंगाची पायरीही चढावी लागली. अखेर १८३९ मध्ये त्याने न्यूयॉर्क गाठले.

तिथे 'प्रिन्स्टन' ही पंख्यावर चालणारी युद्धनौका त्याने आखली. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी पाहुण्यांसमोर तिच्यावरची एक तोफ फुटली आणि दोन मंत्र्यांसह सहा जण ठार झाले. ती तोफ एरिक्सनची नव्हती, कॅप्टन स्टॉक्टनने करवून घेतलेली होती. तरीही ठपका एरिक्सनवर आला आणि आरमाराने त्याचे बिल नाकारले.

सतरा वर्षांनी त्याच आरमाराला त्याची गरज पडली. अमेरिकेत यादवी पेटली होती आणि दक्षिणेकडची राज्ये 'मेरिमॅक' या अर्धवट जळालेल्या जहाजावर लोखंडी चिलखत चढवत होती. चिलखती जहाजे तेव्हा अगदीच नवी नव्हती. फ्रान्सची 'ग्ल्वार' १८५९ मध्ये आणि इंग्लंडची 'वॉरिअर' १८६० मध्ये पाण्यात उतरली होती. पण अशी दोन जहाजे एकमेकांशी कधी लढली नव्हती.

एरिक्सनच्या कराराच्या अटी पाहा. किंमत २ लाख ७५ हजार डॉलर, मुदत शंभर दिवस आणि जहाज कसोटीला उतरले नाही तर सारे पैसे परत. एवढी कडक अट मी कधी कोणत्या कर्जदाराला घातली नाही. बिल बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाला पुन्हा उधार कोण देतो? एरिक्सनने सही केली.

'मॉनिटर' ३० जानेवारी १८६२ रोजी पाण्यात उतरली. पाण्याच्या वर दिसायची जेमतेम दीड फूट. मधोमध आठ इंच जाडीचा लोखंडी बुरूज होता. तो वाफेवर फिरायचा आणि त्यात दोन तोफा होत्या. तोफ वळवायला आता सारे जहाज वळवायची गरज उरली नाही.

८ मार्चला चिलखत चढवलेल्या 'मेरिमॅक'ने (तिचे नवे नाव 'व्हर्जिनिया') हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत दोन लाकडी युद्धनौका संपवल्या. दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या रात्री 'मॉनिटर' पोचली. दुसऱ्या दिवशी दोघींची चारेक तास झुंज झाली. गोळे आदळून परतत होते. कोणी हरले नाही, पण लाकडी जहाजांचे दिवस भरल्याचे साऱ्या जगाला कळले. या धर्तीच्या नौकांना पुढे मॉनिटर हेच नाव पडले. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७० मध्ये बांधलेल्या 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' याच जातीच्या. त्यांचे बुरूज मात्र इंग्रज कॅप्टन कोल्सच्या पद्धतीचे होते.

'मॉनिटर'ला वर्षही पुरे लाभले नाही. ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे ती हॅटरस भूशिराजवळ वादळात बुडाली आणि सोळा जण गेले. पाण्यालगतची जी बांधणी तिला तोफांपासून वाचवत होती, तीच खवळलेल्या समुद्रात तिच्या मुळावर आली. 

एरिक्सनचा संसारही टिकला नव्हता. पत्नी इंग्लंडला परतली, ती पुन्हा भेटली नाही. तो मात्र न्यूयॉर्कमधल्या घरी उतारवयापर्यंत आराखडे काढत राहिला. ८ मार्च १८८९ रोजी त्याचे निधन झाले. पुढच्या वर्षी अमेरिकी आरमाराने आपल्या 'बाल्टिमोर' या युद्धनौकेतून त्याचे पार्थिव सन्मानाने स्वीडनला पोचवले. 'प्रिन्स्टन'चे बिल मात्र थकलेलेच राहिले.