जीवरसायनाची साधिका : डॉ. कमला सोहोनी

ओझर परिसरातल्या आम्हा विद्यार्थ्यांना विघ्नहराचे देऊळ परके नाही. परीक्षा जवळ आली की कुकडीकाठच्या या देवळात गर्दी वाढते आणि त्या गर्दीत आम्हीही असतो. वाटेतली विघ्ने देवाने दूर करावीत एवढीच आपली साधी मागणी असते. पण काही विघ्ने नवसाने हटत नाहीत. त्यांच्यासमोर माणसाला स्वतःलाच उभे राहावे लागते. अशा एका विघ्नासमोर उभ्या राहिलेल्या मुलीची ही जीवनकथा आहे.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना दुर्गाबाई भागवत माहीत असतात. १९७५ सालच्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या आणि आणीबाणीविरुद्ध त्या निर्भयपणे बोलल्या, हेही आपण वाचलेले असते. त्यांची धाकटी बहीण कमला मात्र आपल्या कलाशाखेच्या वर्गात सहसा कोणाला ठाऊक नसते. त्याच डॉ. कमला सोहोनी. आपल्या देशातल्या पहिल्या पिढीच्या जीवरसायनशास्त्रज्ञांत त्यांची गणना होते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होते. तेव्हा मुलीनेही त्याच वाटेने जावे हे त्या घरात स्वाभाविकच होते. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायन आणि पदार्थविज्ञान हे विषय घेऊन पहिल्या आल्या. त्यांनी बंगलोरच्या संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. गुण पाहता प्रवेश मिळणार यात शंका नव्हती. तरीही अर्ज नाकारला गेला.

नकाराचे कारण एकच होते. अर्जदार ही मुलगी होती. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३० साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान होता. अशा माणसाचा नकार आला की घरी परतणे हीच तेव्हाची रीत. कमलाबाई थेट बंगलोरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. केवळ स्त्री म्हणून नाकारण्याला कोणता आधार आहे, असे त्यांनी विचारले. गांधीजींचे विचार मानणाऱ्या या मुलीने वेळ पडल्यास सत्याग्रह करण्याची तयारी दाखवली. अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्षभर त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. कामाचा दर्जा पटला तरच त्यांच्या कामाला मान्यता मिळणार होती. आपल्या वावराने पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होणार नाही, याचीही जबाबदारी त्यांच्यावरच टाकली होती.

इथे क्षणभर थांबून विचार करावासा वाटतो. या अटी अपमानाच्या होत्या, हे कमलाबाईंना कळत होते. त्या धुडकावून परतल्या असत्या तर स्वाभिमान राखल्याचे समाधान मिळाले असते, पण प्रयोगशाळेचे दार बंदच राहिले असते. त्यांनी अटी स्वीकारल्या. ही माघार होती का? आमच्या वर्गात यावर वाद झाला असता तर मते सारखीच विभागली गेली असती. कमलाबाईंनी मात्र वर्षभर काम करून उत्तर दिले. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या राबल्या. दूध आणि कडधान्ये यांतली प्रथिने हा त्यांचा अभ्यासविषय होता. वर्षअखेरीस रामन यांना त्यांचे काम पटले. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली, आणि संस्थेत मुलींना प्रवेशाची वाट खुली झाली. १९४० साली अ‍ॅना मणी यांनी खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन सुरू केले.

म्हणून कमलाबाई तो अपमान विसरल्या असे मात्र नाही. १९९७ साली, वयाची पंचाऐंशी ओलांडल्यावर, स्त्री-वैज्ञानिकांच्या एका कार्यक्रमात त्यांनी ही हकीकत पुन्हा सांगितली. रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून मोठेपण त्यांनी मान्य केले, पण त्यांच्या मनाचा कोतेपणाही झाकला नाही. थोरांविषयी बोलताना आपण बहुधा यातली एकच बाजू सांगतो.

१९३७ साली शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई इंग्लंडला केंब्रिज येथे गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ साली नोबेल मिळवणारे फ्रेडरिक हॉपकिन्स यांची ती प्रयोगशाळा. तिथे त्यांनी आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. बटाट्याच्या ऊतींवर प्रयोग करता करता त्यांना सायटोक्रोम सी हा पदार्थ वनस्पतींच्या पेशींतही आढळला.

हा शोध नेमका काय, हे आपल्यासारख्यांसाठी सोपे करून सांगायला हवे. आपण खाल्लेले अन्न शरीरात ‘जळते’ म्हणतात, पण ते चुलीतल्या लाकडासारखे भडभड जळत नाही. घराचा स्लॅब टाकताना मजूर रांगेने उभे राहून घमेले हातोहात पुढे देतात. तसेच पेशीत अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात आणि शेवटी प्राणवायूपर्यंत पोचतात. या देवघेवीतून शरीराला शक्ती मिळते. सायटोक्रोम सी हा त्या रांगेतला एक महत्त्वाचा मजूर. भाकरीतून आलेली साखर असो की तेलातुपातली चरबी, दोन्हींच्या ज्वलनाची वाट शेवटी याच रांगेतून जाते. मधुमेहात इन्शुलिनच्या उणिवेमुळे साखर पेशीत नीट शिरत नाही, ती रक्तात साचते आणि शरीर चरबीवर अधिक विसंबते. इन्शुलिनचा शोध टोरांटो येथे १९२१ साली लागला होता. रोग समजण्यासाठी आधी निरोगी पेशी अन्न कसे वापरते हे उमगावे लागते, आणि त्या काळी जगभरचे जीवरसायनशास्त्रज्ञ याच उलगड्यात गुंतले होते. प्राणी आणि वनस्पती यांच्या श्वसनाची घडण मुळात एकाच जातीची आहे, हे कमलाबाईंच्या बटाट्याने दाखवण्यास हातभार लावला.

अवघ्या चौदा महिन्यांत त्यांनी प्रबंध पुरा केला. तो जेमतेम चाळीस पानांचा होता! १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ साली अमेरिकेत डी.एस्सी. मिळवली होती, हेही या ठिकाणी नोंदवले पाहिजे.

परदेशात राहून पेशींच्या श्वसनावर आयुष्यभर काम करणे त्यांना शक्य होते. त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनाचा नवा विभाग सांभाळला. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या साहाय्यक संचालक झाल्या. १९४७ साली विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायन शिकवू लागल्या.

इथून पुढचे त्यांचे संशोधन म्हणजे गरिबाच्या ताटाचा अभ्यास होय. आपल्याकडचे वाल, पावटा यांसारखे साधे दाणे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासले. कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे घटक असतात. त्यामुळे पोटात गेलेले सकस अन्नही पुरते अंगी लागत नाही. उष्णतेने या घटकांचा जोर ओसरतो. आपल्या आज्या कडधान्य भिजवून, मोड आणून, चांगले शिजवूनच का वाढत आल्या, त्याचे एक कारण इथे सापडते.

दुसरे काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताडामाडाचा हा रस पहाटे ताजा असतो, ऊन चढले की आंबून त्याची ताडी होते. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांनी दाखवले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना ती दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. नीरेतही साखर असतेच, म्हणून ती मधुमेह्याचे औषध नव्हे. पण भुकेल्या शरीराला तिचा आधार झाला. या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाच्या प्रतीबाबत त्यांचा सल्ला लाभला.

पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. हे पद त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले आणि त्याचे कारण त्यांचे स्त्री असणे हेच होते, असे मानले जाते. बंगलोरचे विघ्न मुंबईतही वेगळ्या रूपाने भेटले म्हणायचे!

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शक संस्था स्थापली. अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे या संस्थेमार्फत कमलाबाई गृहिणींना शिकवत. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्यांनी लेखही लिहिले. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांची प्राणज्योत मालवली.

आज आपल्या भागातल्या मुली एस.टी.ने महाविद्यालयात येतात, आणि वर्गात बसण्यासाठी त्यांना कोणाला वर्षभर चाचणी द्यावी लागत नाही. ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. कोणीतरी एकदा बंद दारासमोर जाऊन कारण विचारले होते. घरी पावट्याची उसळ ताटात पडेल तेव्हा, तिच्यातल्या दाण्यांचे मोल प्रयोगशाळेत तपासणाऱ्या या विदुषीची आठवण आपल्याला व्हावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.