शिट्टीमागचा माणूस

आमच्या घरी पहिल्यांदा कुकर आला तेव्हा आई त्याच्यापासून चार हात लांब उभी राहायची. डाळ-तांदळाचे डबे आत ठेवलेले, रबरी रिंग नीट बसली की नाही हे दोनदा तपासलेलं, आणि तरीही पहिली शिट्टी होईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे. शेजारच्या आळीत कुणाच्या तरी कुकरचं झाकण उडून छताला लागलं, ही बातमी कुकरच्या आधीच घरात येऊन पोचली होती. आम्ही मुलं तिला हसायचो. पुढे देनी पापँविषयी वाचलं आणि आईची भीती खुळी नव्हती हे कळलं. भांडं फुटू नये याची तजवीज ते भांडं बनवणाऱ्यालाच सर्वांत आधी करावी लागली होती.

पापँ १६४७ साली फ्रान्समधल्या ब्ल्वा शहराजवळ जन्मला. घराणं प्रॉटेस्टंट, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पुढे ती त्याला फार महाग पडली. शिकला वैद्यकी, पण रमला यंत्रांत. पॅरिसला हायगेन्ससारख्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केलं, लाइब्निट्झशी ओळख झाली. १६७५ मध्ये तो लंडनला गेला आणि रॉबर्ट बॉइलचा साहाय्यक झाला. हवा, वाफ आणि दाब यांचे प्रयोग करता करता १६७९ साली त्याने जाड लोखंडी भांडं तयार केलं. त्याचं झाकण स्क्रूने आवळून बसवलेलं होतं.

त्यामागचं शास्त्र आपल्या स्वयंपाकघरात रोज घडतं. उघड्या पातेल्याखाली कितीही जाळ घाला, पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. महाबळेश्वरला तर तेवढंही नाही, म्हणून तिथे उघड्यावर डाळ शिजायला वेळ लागतो. वाफ कोंडली की मात्र दाब वाढतो. आजच्या घरगुती कुकरमध्ये उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते आणि तुरीची डाळ बघता बघता मऊ होते. पापँला डाळीचं पडलं नव्हतं. टाकून दिलेली हाडं मऊ करून गरिबांना स्वस्तात पौष्टिक रस्सा मिळावा, हा त्याचा ध्यास.

पण कोंडलेली वाफ भांडं फोडू शकते. म्हणून त्याने झाकणाला एक भोक ठेवलं, त्यावर झडप आणि झडपेवर वजन टांगलेली दांडी. दाब हद्दीबाहेर गेला की वजन उचललं जाई आणि वाफ बाहेर पडे. आपल्या शिट्टीची ही पणजी! आतली उष्णता अजमावायला तो झाकणावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो किती वेळात उडून जातो हे लंबकाच्या झोक्यांवर मोजायचा. १६८१ च्या त्याच्या पुस्तकात मटण, मासे, वाटाणे, फळं असं काय काय शिजवलं ते नोंदलेलं आहे. मला तर ते अर्धं पाकशास्त्राचंच पुस्तक वाटतं. १६८२ च्या एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीच्या काही सभासदांनी या भांड्यात शिजलेलं जेवण चापलं. मूठभर कोळशात हाडं चीजसारखी मऊ झाली, याचं त्यांना मोठं नवल वाटलं.

कौतुक झालं, पण पोटापाण्याची सोय काही झाली नाही. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंटांचे हक्क काढून घेतले आणि मायदेशाचा रस्ता बंद झाला. पापँ जर्मनीत मारबुर्गला गणिताचा प्राध्यापक झाला, तिथून कासेलला गेला. कोंडलेल्या वाफेने दट्ट्या हलवता येतो हे त्याने १६९० साली मांडलं. वाफेच्या इंजिनाचं बीज ते हेच.

१७०७ साली स्वतः बांधलेल्या, वल्ह्यांऐवजी चाकं लावलेल्या बोटीतून तो लंडनला निघाला. ही वाफेची बोट होती असं पुष्कळदा सांगतात, ते खरं नव्हे. चाकं हाताने फिरवायची होती. पण नदीवरच्या वाहतुकीचा मक्ता म्युंडेनच्या नावाड्यांकडे होता. त्यांनी बोट अडवली आणि मोडून टाकली. साठीतल्या माणसाच्या डोळ्यांदेखत, बरं का!

लंडनला पोचल्यावरही दिवस पालटले नाहीत. इंजिन बांधायला पैसे मिळावेत म्हणून त्याने सोसायटीची दारं ठोठावली, पण हाती फारसं काही लागलं नाही.

आपल्याकडे या भांड्याला यायला बराच वेळ लागला. आधी आला कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांचा इकमिक कुकर. खाली कोळसे, वर डबे, पण दाब नाही, म्हणून शिट्टीही नाही. प्रेशर कुकर इथे बनू लागले ते १९५९ च्या सुमारास. आमच्या आईची भीती जायला आणखी दोनेक वर्षं लागली. पुढे ती शेजारणीशी गप्पा मारता मारता न चुकता शिट्ट्या मोजायची.

पापँचं शेवटचं ज्ञात पत्र १७१२ च्या जानेवारीतलं आहे. नंतर तो नाहीसाच झाला. त्याच्या दफनाची नोंद लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या वहीत होती, १७१३ च्या ऑगस्टमधली. ती सापडायला तीनशे वर्षं लागली.