शार्ल ऑगस्तँ द कुलोम
शार्ल ऑगस्तँ द कुलोम (१४ जून १७३६, आंगुलेम – २३ ऑगस्ट १८०६, पॅरिस) हे फ्रेंच अभियंता व भौतिकशास्त्रज्ञ होते. तारेला पडणाऱ्या पिळावरून अत्यंत सूक्ष्म बल मोजण्याची पद्धत त्यांनी सिद्ध केली.

मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयातील शिक्षण १७६१ मध्ये पूर्ण करून ते सैन्यात अभियंता झाले. १७६४ पासून सुमारे आठ वर्षे वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तेथील आजारपणांमुळे त्यांची प्रकृती कायमची खालावली. मायदेशी परतल्यावर नोकरी सांभाळून ते संशोधनाकडे वळले.

होकायंत्राची सुई टेकूवरील घर्षणामुळे अडखळते, म्हणून ती धाग्याला टांगण्याची कल्पना त्यांनी मांडली. या कामाला १७७७ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीचे पारितोषिक विभागून मिळाले. त्यातूनच पिळाचा अभ्यास पुढे गेला. पिळलेल्या तारेचा प्रतिकार पिळाच्या कोनाच्या व व्यासाच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे त्यांनी १७८४ मध्ये दाखवले.

पुढील वर्षी त्यांनी याच तत्त्वावर विद्युत बल मोजले. बारीक तारेला टांगलेल्या आडव्या दांडीवरील विद्युतभारित गोळी सजातीय भार असलेल्या स्थिर गोळीपासून ३६ अंश दूर गेली. हे अंतर १८ अंशांवर आणण्यास तारेला एकूण १४४ अंशांचा, म्हणजे चौपट पीळ द्यावा लागला. अंतर निम्मे झाल्यास बल चौपट होते, हा व्यस्त वर्गाचा नियम अशा रीतीने प्रयोगाने प्रस्थापित झाला.

विद्युतभाराच्या एककाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.